हरिकेनपुढचे सहाजण

दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात अवाढव्य विमानं उन्हात उभी असतात आणि म्हातारी विमानं हँगरच्या सावलीत. वापिटी, लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट असा जुना गोतावळा एका छपराखाली नांदतो. इंफाळचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, म्हणून ती सकाळ मी इथे काढली. सोबत एका फोटोची प्रत होती.

फोटो साताऱ्याच्या मित्राच्या घरचा. त्याचे आजोबा, म्हणजे अण्णा, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर होते. विमानापुढे सहाजण उभे, मागे डोंगराची रेघ आणि पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं ‘इंफाळ’. मधला हसरा माणूस म्हणजे अण्णा, हे घरात सगळे धरूनच चालतात. तेवढाच चेहरा मोठा करून, चौकट घालून माजघरात लावलाय. दसऱ्याला त्याला हार पडतो. मित्र म्हणाला होता, “जातोच आहेस, तर विमान कुठलं आणि जागा कुठली, तेवढं बघ.”

मित्राच्या मावशीने, म्हणजे अण्णांच्या मुलीने, आणखी एक माहिती पुरवली होती. विमान म्हणे मुंबईकरांनी वर्गणी काढून दिलेलं. ही गोष्ट निराधार नाही. भारतीय हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनला लायसँडर विमानं मिळाली ती मुंबईच्या युद्धदेणगी निधीतून. करुण कृष्ण ऊर्फ जम्बो मजुमदार ती घेऊन १९४२च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात उतरले. लायसँडर हे मुळात टेहळणीचं, संथ विमान. मजुमदारांनी त्याला बॉम्ब लटकवले आणि सयामच्या हद्दीतल्या जपानी विमानतळावर हल्ला चढवला. पालमचा लायसँडर मात्र त्यांतला नव्हे. तो कॅनडाकडून आला, आणि त्याच्या बदल्यात आपलं एक लिबरेटर तिकडे गेलं.

लायसँडरसमोर फोटो धरला आणि मावशींची वर्गणी निकालात निघाली. लायसँडरचे पंख डोक्यावर, तिरप्या दांड्यांवर तोललेले असतात. फोटोतला पंख माणसांच्या कमरेशी आहे. राहिले हरिकेन आणि स्पिटफायर. स्पिटफायरचा पंख पातळ आणि लंबगोल, अंग सगळं पत्र्याचं. हरिकेनचा पंख जाड, आणि वैमानिकाच्या मागचं अंग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचं. उपाशी बैलाच्या बरगड्या दिसाव्यात तशा त्या पट्ट्या कापडातून उमटतात. फोटोत त्या सहज मोजता येतात. विमान हरिकेनच.

विमानाने आपली तारीखही सांगितली. अंगावरच्या गोल खुणेचा मधला ठिपका फोटोत फिकट आहे. ब्रिटिश खुणेत तो मुळात लाल असे. पण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल ठिपका म्हणजे जपानी विमानावरचा सूर्य वाटायचा आणि आपलेच लोक आपल्या विमानावर गोळ्या झाडायचे. म्हणून १९४३च्या मध्यापासून तिथे लाल रंग काढून निळ्याच्या दोन छटा ठेवल्या. पुढे १९४५च्या सुरुवातीला पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे आले. फोटोत तेही नाहीत. म्हणजे काळ या दोहोंमधला. शिवाय दिसणाऱ्या पंखातून तोफेची एकच नळी पुढे आली आहे. या जातीच्या हरिकेनला दर पंखात दोन तोफा असत, पण टेहळणीसाठी वजन कमी करायला त्यांतली एकेक काढून ठेवत.

एक नंबर स्क्वाड्रनचं काम नेमकं तेच होतं. ३ फेब्रुवारी १९४४ रोजी अर्जनसिंग यांच्या हाताखाली ती इंफाळला आली. तिची विमानं जोडीने उडत. पहिला वैमानिक जंगलातल्या वाटा न्याहाळी, दुसरा त्याची पाठ राखत आभाळ बघे. त्याच वर्षी इंफाळच्या धावपट्टीवर माउंटबॅटननी अर्जनसिंगांच्या छातीवर डीएफसी हे शौर्यपदक लावलं. तो फोटो जगभर गेला.

आजचा इंफाळचा विमानतळ म्हणजे त्या काळची तुलिहाल धावपट्टी. उतरल्यावर खिडकीपाशी इनर लाइन परमिट घेतलं आणि बाहेर आलो. खोऱ्यात तेव्हा अशा सहा धावपट्ट्या होत्या. कोहिमाचा रस्ता जपान्यांनी २९ मार्च १९४४ला तोडला, तो थेट २२ जूनला मोकळा झाला. तेवढा काळ पीठ, पेट्रोल, दारूगोळा, सगळं विमानांनी आलं. फिटर दिवसा इंजिनं दुरुस्त करत आणि रात्री बंदूक घेऊन खंदकात पहारा देत.

एक नंबर स्क्वाड्रनची पट्टी इंफाळ मेन, म्हणजे शहराच्या उत्तरेचं कोइरेंगेई. वाटाड्या म्हणून एक तरुण शिक्षक भेटला होता, युद्धाच्या इतिहासाने झपाटलेला. जुन्या धावपट्टीवर कुणी स्कूटर शिकत होतं, कुणी दौडत होतं. फोटो हातात धरून आम्ही पट्टीच्या कडेने चालत राहिलो. पूर्वेकडे नुंगशिगुमचा डोंगर दिसतो. याच्या माथ्यावर जपानी बसले, तेव्हा खालच्या धावपट्ट्या त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आल्या. १३ एप्रिलला विमानांनी बॉम्ब टाकले, डोगरा पायदळ चढलं आणि त्यांच्यासोबत रणगाडेही त्या उभ्या धारेवर चढले. फोटोतली रेघ आणि समोरची धार जिथे तंतोतंत जुळली, तिथे शिक्षकाने पाय रोवला. “इथून काढलाय.”

जागा झाली, विमान झालं. मग त्याने विचारलं, “यात तुमचे कोण?” मी मधल्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. त्याने फोनवरची प्रत मोठी केली आणि चेहऱ्याऐवजी छातीकडे बघत राहिला. खिशाच्या वर पंखांचं चिन्ह होतं. खांद्यावर अधिकाऱ्याची पट्टी, बुटात खोचलेला नकाशा. हा वैमानिक. फिटरच्या छातीवर पंख कुठून येणार?

बाकी पाच जणांत तीन उघड्या डोक्याचे, तेलकट कपड्यातले. त्यांतले अण्णा कोणते, ते सांगायला विमान असमर्थ. स्क्वाड्रनची रोजकीर्द लंडनमध्ये क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. फॉर्म ५४१वर प्रत्येक उड्डाणाची नोंद असते: विमानाचा नंबर, वैमानिकाचं नाव, सुटल्याची वेळ, परतल्याची वेळ. शेपटीजवळचा नंबर एकाच्या खांद्याआड अर्धा झाकलाय, तरी वाचता येणाऱ्या अक्षरांवरून आणि तारखांवरून त्या हसऱ्या माणसाचं नाव दोन-चार नावांपर्यंत आणता येईल. पण इंजिन कुणी तपासलं, तोफेत गोळ्या कुणी भरल्या, यासाठी त्या फॉर्मवर रकानाच नाही. परका माणूस सापडण्याची शक्यता होती. घरचा माणूस कागदावर कुठेच नव्हता.

साताऱ्याला हे सांगायचं जिवावर आलं होतं. मित्राने भिंतीकडे बघितलं आणि गप्प बसला. मावशींनी भिंग मागवलं, पंख बघितले, मग तेलकट कपड्यातल्या तिघांवरून भिंग फिरवत डावीकडच्यापाशी थांबल्या. “याचे कान बघ. आमच्या सगळ्यांचे असेच.” कानांवरून माणूस ओळखावा की नाही, यावर मी काही बोललो नाही. भिंतीवरची चौकट उतरवायची का, असं मित्राने विचारलं.

“राहू दे,” मावशी म्हणाल्या. “इतकी वर्षं हार घातलाय त्याला. पण त्याच्या घरी हा फोटो नसेल. तू त्या लंडनच्या वहीतून त्याचं नाव काढ. एक प्रत त्यांना धाडू. अण्णांचं मी बघते.”

क्यूला अर्ज गेला आहे.