रेघ कुणाची?

आम्ही तिघी बहिणी. दोघींना साताऱ्यात दिले, एकीला सांगलीत. ईदेला, शादीला एकत्र आलो की मेंदीच्या कोनांबरोबर आमची चौकटींची वहीही बाहेर निघते. तिच्यात आम्ही गाठींच्या जाळ्या काढतो.

रीत सोपी आहे. तीन ओळींत चार-चार ठिपके द्यावेत. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून रेघ तिरपी न्यावी, काठ आला की वळवावी. बाराही ठिपक्यांना वळसे घालून ती निघाल्या जागी परत येते. सबंध जाळी एका रेघेची! चार ओळींत चार-चार ठिपके दिले, तर मात्र चार वेगळ्या रेघा होतात. चार ओळींत सहा-सहा दिले तर दोन. दोन्ही आकड्यांचा मसावि जितका, तितक्या रेघा. मग रेघेची पट्टी करायची आणि प्रत्येक छेदावर ती एकदा वरून, एकदा खालून न्यायची. कुठलीच पट्टी कायम वर राहत नाही.

आयरिश परंपरेतल्या ख्रिस्ती मठवासीयांनी इ.स. 800च्या सुमारास 'बुक ऑफ केल्स' या शुभवर्तमानांच्या हस्तलिखितात अशा गाठी भरल्या. ते आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. स्कॉटलंडच्या जॉर्ज बेन यांनी 1951 साली या गाठी काढण्याच्या रीती पुस्तकात मांडल्या. इकडे तमिळ बायकांच्या कोलमच्या एका प्रकारातही रेघ ठिपक्यांना असेच वळसे घालते. आपल्या मिरजेवर एकेकाळी ज्यांचा अंमल होता, त्या आदिलशहांच्या विजापुरात इब्राहिम रोजाच्या खिडक्या पाहाव्यात. तिथे दगडात अक्षरांचीच जाळी विणली आहे.

आमच्या भाचीने ही नक्षी एकदा उंबऱ्यापुढे रांगोळीने काढली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी टोकले, "अपने में रांगोळी नै डालते, बेटा." तीच नक्षी शाळेच्या स्पर्धेत काढली, तर कुणीतरी म्हणाले, "ही तुमच्यातली दिसते." पोरगी हिरमुसली. म्हणाली, "खाला, मग ही आहे तरी कुणाची?"

आम्ही तिला उत्तर दिले नाही, वही दिली. चार ओळींत सहा-सहा ठिपके देऊन दोन रेघा दोन रंगांत काढायला लावल्या. मग त्या दोघी जिथे एकमेकींना छेदतात, तिथला एक छेद खोडून मध्ये छोटी भिंत घातली. दोन्ही रेघा भिंतीपाशी वळल्या. तिने बोट फिरवून पाहिले. निळ्यातून निघालेले बोट लाल रेघेवरून सगळीकडे हिंडून पुन्हा निळ्यात आले. दोन रेघांची एकच झाली होती.

आता ती धाकट्या भावाला शिकवते. आधी आकडे विचारते, मग पेन्सिल देते. वाचकहो, तुम्हीही पाच ओळींत सात-सात ठिपके द्या आणि घरातल्या पोरांना विचारा, रेघा किती होतील?