धरण उशाला

सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? डबे, छायाचित्रे आणि संध्याकाळचे थकून परतणे. मलाही सहलीचा अर्थ बरीच वर्षे एवढाच ठाऊक होता.

एका एप्रिलमध्ये भावाच्या दोन मुलांना घेऊन मी मुरबाडहून सरळगाव, किन्हवलीमार्गे शहापूरला आले आणि तेथून तानसा जलाशयाकडे गेले. १९७० साली अभयारण्य घोषित झालेले हे वन. सागाची पाने गळून पडली होती आणि वाऱ्यावर मोहाचा गोड, काहीसा आंबूस गंध होता. शंभर वर्षांहून अधिक काळ कोणालाच न दिसलेला आणि १९९७ मध्ये नंदुरबारकडे पुन्हा आढळलेला रानपिंगळा २०१४ मध्ये याच वनात दिसला, हे मी मुलांना सांगितले. पुढचा तासभर ती प्रत्येक फांदीकडे श्वास रोखून पाहत राहिली. निसर्गाचा आनंद लुटायचा नसतो, वाट पाहून मिळवायचा असतो, हे त्यांना त्या तासाने शिकवले.

जलाशय दिसताच धाकट्याने विचारले, "आत्या, पाण्यात कधी उतरायचं?" मी समजावले, "हे मुंबईचं पिण्याचं पाणी आहे. १८९२ साली हे धरण बांधून झालं, तेव्हापासून हे पाणी नळांतून तिकडे जातं. आपण फक्त पाहायचं." उत्तर देताना मला स्वतःच्या शहाणपणाचे कौतुकच वाटले.

परतताना एका पाड्याजवळ आंब्याच्या सावलीत आम्ही थांबलो. बाटलीतले उरलेले पाणी कोमट झाले होते. मुलांचे धुळीने भरलेले पाय धुण्यासाठी मी ते ओतू लागले. तेवढ्यात डोक्यावर हंडा घेऊन येणारी एक वृद्धा थबकली.

"बाय, सांडू नको ते. हंड्यात ओत."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला अधिक लाज वाटली. विहीर आटत आली होती आणि दूरवरून आणलेला तिचा हंडा अर्धाच भरलेला होता. मी बाटली त्यात रिती केली. तिने मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती चालू लागली.

'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण मी वर्गात कितीदा शिकवली होती! तिचा अर्थ फळ्यावर लिहिला होता, वाक्यात उपयोगही करून घेतला होता. त्या दुपारी प्रथमच ती मला कळली.

तानसा, मोडकसागर, भातसा हे या तालुक्यातील विस्तीर्ण जलाशय. तुम्ही तेथे अवश्य जा. वनातील शांतता अनुभवा, माहुलीचे सुळके न्याहाळा. मात्र तेथील पाड्यांवरून जाताना आपण कोणाच्या तरी अंगणातून चाललो आहोत, याचे भान असू द्या. आणि बाटलीत पाणी उरलेच, तर ते ओतण्यापूर्वी एकदा आजूबाजूला पाहा.