टक्का बघून धबधबा

बारामती-इंदापुराकडे पावसाळी सहलीचा दिवस पंचांगात बघत नाहीत आणि हवामान खात्यालाही फारसं कुणी विचारत नाही. भाटघर धरण किती टक्के भरलं, ते बघतात. जुलै लागला की सकाळच्या चहाबरोबर मोबाइलवर धरणांचा तक्ता येतो. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, वीर. चौघांची मिळून क्षमता ४८ टीएमसीच्या घरात, आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या भाटघरची. इंदापूरकर त्याखाली उजनीचा आकडा जोडतात. ती अजून मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली असते, म्हणून जरा आवाज खाली करून. तक्ता वाचून होतो न होतो तोच कुणीतरी लिहितं, "मग काढायची का गाडी रविवारी?"

कुठं, हे विचारावं लागत नाही. इथं आभाळ गच्च भरलेलं, वारा नुसता भणाणतोय, पेरलेली बाजरी वर तोंड करून बसलेली, आणि अंगणात चार थेंबांपलीकडे काही नाही. शंभरेक किलोमीटरवर मात्र तेच ढग रिकामे होताहेत. नैऋत्येचा वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, गार होतो, सगळं तिथंच ओततो आणि कोरडा होऊन आमच्याकडे उतरतो. घाटावर हजारो मिलिमीटर पडतं. बारामतीला वर्षाकाठी पाचशेच्या आसपास पडलं तरी पाऊस बरा झाला म्हणतात. तुकोबांची पालखी ऐन आषाढात बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला नीरेच्या काठी पोचते, तेव्हाही कितीदा तरी वारकऱ्यांच्या अंगावर चिखलाऐवजी फुफाटाच असतो.

धबधबे बघायला जग जिथं जातं त्या हवाई बेटांतही डोंगराचा हाच खेळ चालतो. तिथं कवाई नावाचं एक बेट आहे. त्याच्या मधोमध वायआलेआले हा डोंगर. वर्षाला दहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चहूबाजूंनी कडे पाझरणारे. आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवर पश्चिम किनाऱ्याला केकाहा नावाचं गाव, पाऊस जवळपास बारामतीइतकाच. तिथं वारा ईशान्येकडून येतो, आपल्याकडे नैऋत्येकडून, एवढाच फरक. त्या कोरड्या केकाहात ऊस होता! डोंगरातलं पाणी वळवून १९०७ साली कालवा काढला, उसाची शेतं केली, साखर कारखाना चालवला. हे वाचलं तेव्हा मला थेट आमच्याकडचा ऊस-कारखान्याचा सणसर-भवानीनगर रस्ता दिसला. तिथला कारखाना २००० साली बंद पडला, कालवा मात्र वाहतच राहिला. मग नदीकाठच्या लोकांनी तक्रार केली की आमच्या वायमेआ नदीतलं पाणी कालव्यातच जातं, आणि २०१७ साली तडजोड होऊन नदीत ठरावीक पाणी सोडायचं ठरलं. बेटावर सहलीला येणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. तो ओल्या बाजूला जायची तारीख ठरवतो, फोटो काढतो, परत जातो.

आम्हाला मात्र ठाऊक नसल्याचं सोंग घेता येत नाही. नीरा डावा कालवा १८८५ चा. १८७६-७७ च्या दुष्काळानं माणसं आणि जनावरं मेली, त्यानंतर इंग्रज सरकारनं हा पुरा केला. भाटघरचं आजचं मोठं धरण १९२० च्या दशकातलं. तिथं सोडलेलं पाणी नदीनं वीरपर्यंत येतं, वीरहून कालव्यानं नीरा, निंबूत, सोमेश्वर करत बारामतीला आणि पुढं इंदापूरच्या टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत. टेलला पोचतं का, हा वेगळा विषय. त्यावर इंदापूरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर अर्धा दिवस काढता येतो. आमच्या शेजारचे नाना सहलीची गाडी निघताना दरवर्षी ओट्यावरून ओरडतात, "कशाला पेट्रोल जाळता रे? आठ दिवस थांबा, तेच पाणी येतंय की आपल्या चारीला." नाना पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरून, पाटकऱ्याला नमस्कार करून, थंडीत रात्री दोनला दारं धरायला जाणारा माणूस. पाणी बघायला सुट्टी काढून जायचं, हे त्यांना पटणं शक्य नाही.

तरी आम्ही जातोच. लोणंद, शिरवळ, भोर आणि तिथून वरंध घाटाकडे. नीरा देवघरचं पाणी डाव्या-उजव्या हाताला लपाछपी खेळत राहतं आणि भातखाचरं सुरू झाली की गाडीत आवाज वाढतो. घाटमाथ्यावर एक गंमत आहे. इथला एक थेंब पश्चिमेला घरंगळला तर सावित्रीतून अरबी समुद्राला. तोच हातभर पूर्वेला पडला तर नीरेतून नरसिंहपूरच्या संगमावर भीमेला, मग कृष्णेला, मग बंगालच्या उपसागराला. आणि खरं सांगायचं तर देखणे धबधबे सगळे पश्चिमेचे. कोकणात उडी घेणारे, शे-दोनशे फुटांचे, ढगातून निघून ढगात जाणारे. आमच्या वाटणीचं पाणी अगदीच साधं. रस्त्याकडेच्या दरडीवरून कमरेएवढ्या उंचीवरून पडतं, मोरीखालून जातं, खाचराच्या बांधावरून सांडतं, की झालं. त्याच्यासमोर कुणी गाडी थांबवत नाही.

मागे एकदा आम्ही थांबलो. बरोबरच्या काकूंनी चप्पल काढली, पदर खोचला, ओंजळीत पाणी घेऊन आधी डोळ्यांना लावलं, मग प्यायल्या. बोटांना झिणझिण्या येतील इतकं गार. तळाला लाल माती, तिच्यात भाताची दोन हिरवी पाती अडकून थरथरत होती. काकू म्हणाल्या, "हे आपल्या पाळीचं पाणी." शेजारी कणसं भाजणारी बाई हसली. "बारामतीचे का तुम्ही? न्या न्या. उन्हाळ्यात आमच्या वाडीला टँकर येतो." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. भाटघरच्या पोटात गेलेली शेतं भोरच्या लोकांची. ऊस आमचा.

आमच्या लोकांची एक अडचण आहे. आम्ही पाण्याला भीत नाही. पाठीला डबा बांधून कालव्यात पोहायला शिकलेली ही पिढी. पण कालव्याचं पाणी सरकारी. ते सूचना देऊन येतं, दार उघडल्यावर येतं, ठरल्या वेगानं येतं. ओढ्याचं पाणी कुणाच्या आवर्तनात नसतं. खाली ऊन पडलेलं असताना वर डोंगरात सर कोसळते आणि घोट्याएवढं पाणी बघता बघता छातीला लागतं. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातली पाच माणसं हात धरून उभी असताना वाहून गेली. पावसाळा आला की जिल्हा प्रशासन मनाईचे आदेश काढतं आणि आमची मंडळी, "आपल्याला नाही काही होत," म्हणत त्या फलकाशेजारीच फोटो काढतात. हे मला बघवत नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर जुलैचा शनिवार-रविवार सोडून द्या. तेव्हा घाटात पाण्यापेक्षा गाड्याच जास्त असतात. भाटघर भरलं, वीरमधून नदीत पाणी सुटलं, की मग भाद्रपदातला मधला वार धरा. दरडीमुळं वरंध घाट बंद तर नाही ना, ते भोरला विचारून पुढं निघा. लहान पोरं बरोबर असतील तर घाटात जाऊच नका. नसरापूरजवळचं बनेश्वर बघा. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं देऊळ, मागे झाडीत शिवगंगेचा बुटका धबधबा. ते पाणीही गुंजवणीतून नीरेला आणि वीरलाच येतं. जेवण घरून बांधून नेऊ नका, भोरकडच्या एखाद्या घरी भाकरी सांगा आणि घासाघीस न करता पैसे द्या. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गाडीत टाकून परत आणा. तिथं ओढ्यात फेकल्या, तर वीरच्या दारातून निघून त्या आपल्याच चारीच्या मोरीत येऊन अडकतात, आणि त्या काढायला रात्री दोनला नानाच पाण्यात उतरतात.