हळद आणि धावपट्टी

महाविद्यालयात मुलींना धावायला शिकवणाऱ्याची कारकीर्द कशात मोजावी, हा प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी अवघड होऊन बसतो. पदके मोजावीत तर ती थोडी, वर्षे मोजावीत तर ती नुसती नोकरीची, आणि मुली मोजाव्यात तर त्यांतल्या पुष्कळ जणींचे धावणे पदवी हाती येण्याआधीच थांबलेले असते.

हे काम ज्या पदावरून होते त्याचे अधिकृत नाव शारीरिक शिक्षण संचालक. बोलण्यात त्याला क्रीडा संचालक म्हणतात. प्रशिक्षक ही वेगळी जात. तो एकाच खेळाचे तंत्र शिकलेला असतो आणि त्यासाठी पतियाळाला १९६१ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असते. क्रीडा संचालकाला मात्र कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सारे सांभाळावे लागते, आणि लहान महाविद्यालयाच्या वाट्याला सहसा तोच येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने या पदासाठी शारीरिक चाचणीही घातलेली आहे: तिशीच्या आतल्या महिला उमेदवाराने आठ मिनिटांत १००० मीटर अंतर कापायचे असते. म्हणजे मुलींना पळवणाऱ्या बाईंनी आधी स्वतः पळून दाखवायचे असते, ही फार चांगली गोष्ट आहे.

या बाजूची मैदाने बहुधा मुरमाची. पावसाळा सरला की दगड वेचून, पाणी मारून, रोलर फिरवून, दोरी ताणून त्यावर फक्कीने रेषा आखायच्या. वारा सुटला की फक्की उडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आखावी लागते. प्रमाणित धावपट्टी ४०० मीटरची असते आणि तिच्यातली प्रत्येक मार्गिका १.२२ मीटर रुंद असते. जागा अपुरी असेल तर २०० मीटरचीच आखली जाते, आणि मग १५०० मीटरच्या शर्यतीला पावणेचारऐवजी साडेसात फेऱ्या घ्याव्या लागतात. वळणे दुप्पट होतात, वेग तुटतो, आतल्या पायावर ताण येतो, आणि अशा मैदानावर नोंदलेली वेळ मुलीची खरी वेळ कधीच सांगत नाही. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर जिल्ह्यातली महाविद्यालये औरंगाबादऐवजी त्याला जोडली गेली. स्पर्धेचे गाव त्यामुळे जवळ आले. पण स्पर्धांचा मोसम हाच ऊसतोडीचाही मोसम असतो. जळकोट, मुखेड, कंधार या भागांतल्या गावांतून आणि तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांकडे निघतात, तेव्हा घरची थोरली मुलगी सरावाला येणार की लहान भावंडांपाशी राहणार, हे क्रीडा संचालकाच्या हाती नसते.

अशा वेळी ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आठवते. उतावळेपणाला लावलेली ही म्हण संस्थाचालकांच्या अपेक्षेला चपखल बसते, कारण जूनमध्ये प्रवेश घेतलेल्या मुलीने हिवाळ्यात पदक आणावे असे त्यांना मनापासून वाटत असते. पण म्हणीतली हळद स्वतः उतावळी नाही. हिंगोली, वसमत, नांदेडकडचा शेतकरी मे-जूनमध्ये बेणे लावतो ते सुमारे नऊ महिने जमिनीत राहते. पाला वाळल्यावर कंद काढायचे, जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची, ती शिजवायची, पंधरवडाभर उन्हात वाळवायची, मग ढोलात घालून पॉलिश करायचे, तेव्हा कुठे तिला बाजारात रंग चढतो. कच्चे राहिलेले हळकुंड व्यापारी मोडून पाहतो आणि बाजूला टाकतो. इतकी सबुरी मागणारे पीक उतावळेपणाच्या म्हणीत कसे गेले, याचे नवल वाटत राहते. कदाचित सबुरी शेतकऱ्याची असावी आणि घाई पिणाऱ्याची. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ ही दुसरी म्हणही याच कंदातून फुटलेली आहे, आणि ती क्रीडा संचालकांनाही लागू पडते: १०० मीटरमध्ये जिल्ह्यात पहिली आलेल्या मुलीचा सत्कार लवकर करता येतो, म्हणून लांब पल्ल्याचा पिंड असलेली मुलगीही कमी अंतराला लावली जाते.

लांब पल्ल्याच्या धावपटूला पक्व व्हायला वर्षे लागतात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, १९८५ साली जन्मलेली कविता राऊत विजेंदर सिंग यांच्या हाताखाली घडली, आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक तिने मिळवले तेव्हा ती पंचविशीत होती. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली, मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली, तेव्हा तिचे वय सत्तावीस होते. जळकोटच्या मुलीला त्या वयापर्यंत बहुधा हळद लागलेली असते. म्हणीतली हळद इथे लग्नाच्या मांडवात येते आणि विचाराचा धागा गुंतवून टाकते, कारण त्या हळदीला नुसता अडसर मानणेही बरोबर नाही. त्या मुलीला संसार हवा होता की धावपट्टी, हे तिला कोणी विचारलेलेच नसते, आणि तिचे धावणे थांबले म्हणून हळहळणाऱ्या क्रीडा संचालकानेही ते नेहमी विचारलेले असते असे नाही.

उत्तम प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो पी. टी. उषाचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांना मिळाला; आदल्या वर्षी लॉस एंजेलिसला उषाचे ऑलिम्पिक पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते. नंबियारांना ती शाळकरी वयात मिळाली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यापाशी राहिली. महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकाला मुलगी तीन वर्षांसाठी मिळते, तीही सुट्ट्या, परीक्षा आणि ऊसतोड वजा जाता. संचालकाने लावलेले बेणे दुसऱ्याच्या शेतात पिकते, किंवा पिकतच नाही. स्वतः धावलेली आई आपल्या लेकीला मैदानावर जाऊ देईल अशी आशा बोलून दाखवली जाते. ती खरी असू शकते, पण तिचा हिशेब कुठल्याही नोंदवहीत सापडत नाही, आणि ज्याचा हिशेब नाही त्यावर एखाद्याची तीस वर्षांची नोकरी तोलावी का, हे ठरत नाही. केवळ पदकांवर तोलावी, हेही पटत नाही.

आंतरविद्यापीठ स्पर्धांत विद्यार्थिनीला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत धावता येते. तेव्हा या भागातल्या पालकांनी मुलीच्या लग्नाची बोलणी धरण्याआधी तिला तिचे मन विचारावे, आणि एकदा महाविद्यालयात जाऊन क्रीडा संचालकांना पुढचा मोसम कधी आहे तेही विचारून यावे.