पाण्याचा अदमास

चित्र हाती आले की त्याची पाठही पाहावी, ही सवय मला एका जपानी रंगीत काष्ठठशाने लावली. एका स्नेह्यांनी तो कागद उलटा करून उजेडाकडे धरला, तेव्हा पुढच्या बाजूस जे सपाट, निर्विकार आकाश होते, तेच मागे तंतूंतून पाझरून आलेले दिसले. आणि त्या निळाईवर, कागद घासणाऱ्या हाताच्या गोलाकार फेऱ्यांच्या पुसट वळणांनी, छापणाऱ्याच्या मनगटाची सारी हालचाल नमूद झालेली होती.

तैलशाईचा ठसा कितीही रेखीव असो, मला तो कागदापासून अलिप्तच वाटतो; जलरंग कागदात उतरतो, आणि या कलेची सारी मातब्बरी त्या उतरण्यात आहे. हे काम शिकताना पटाशीवर हात त्या मानाने लवकर बसतो, पाण्याचा अदमास मात्र फार उशिरा येतो. कागदी तुतीच्या सालीचा कागद, रंग फुटू नये म्हणून सरस आणि तुरटीचे पाणी दिलेला, आदल्या दिवशीच ओलवून दडपून ठेवायचा, म्हणजे ओल सर्वत्र सारखी मुरते. मग लाकडाच्या उठावावर पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाच्या खळीचा ठिपका टाकून, तो आखूड केसांच्या कुंचल्याने आधी गोल आणि अखेरीस लाकडाच्या रेषांच्या दिशेने पसरायचा. त्यावर कागद टेकवायचा आणि बांबूच्या पातीत गुंडाळलेल्या चपट्या घासणीने पाठीवरून दाब द्यायचा. खळ कमी पडली तर रंग तिळासारखा ठिपक्याठिपक्यांनी उमटतो, पाणी अधिक झाले तर रेषेची हद्द ओलांडतो. आणि हे प्रमाण कोणी मुकर्रर करून द्यावे म्हटले, तर हवा पालटली की तेही पालटते.

प्रत्येक रंगाला सहसा स्वतंत्र ठसा, आणि प्रत्येक ठशावर कागद बसवण्यासाठी दोनच खाचा: एक कोपऱ्याची, एक सरळ कडेची. एवढ्या दोन निशाण्यांच्या भरवशावर १७६५ साली एदो नगरीत, शौकिनांनी परस्परांना भेट देण्यासाठी काढवलेल्या चित्रमय दिनदर्शिकांतून, चित्रकार सुझुकी हारुनोबूचे बहुरंगी ठसे अवतरले.

पण माझे मन रमते ते योशिदा हिरोशीपाशी (१८७६–१९५०). चित्रकाराने रेखाटन द्यावे, कोरणाऱ्याने कोरावे, छापणाऱ्याने छापावे आणि साऱ्यांवर प्रकाशकाचा अंमल चालावा, हा जुना दस्तूर. तैलरंगांत आणि जलरंगांत नाव कमावलेल्या योशिदाने मात्र १९२५ पासून कारागीर स्वतः नेमले, आणि कोरणे-छापणे जातीने शिकून सारे काम आपल्या देखरेखीखाली घेतले. पुढच्याच वर्षी सेतोच्या अंतर्गत समुद्रातील शिडाच्या होड्यांचे एकच दृश्य त्याने सहा वेळांचे म्हणून छापले: सकाळ, पूर्वाह्न, अपराह्न, धुके, संध्याकाळ आणि रात्र. मूळ रेखाटन तेच, शिडे तीच, त्यांवरच्या सुरकुत्याही त्याच. तरीही सकाळच्या सोनेरी पाण्यावर जे निघाल्यासारखे वाटते, तेच रात्रीच्या गडद निळ्यात मुक्कामाला आल्यासारखे वाटते, आणि धुक्यात तर मागच्या होड्या आहेत की नाहीत, असा संभ्रम पडतो. यातली विरत जाणारी छटा लाकडात कोरता येत नाही. ठशाचा एक भाग ओला करून, रंग कुंचल्याच्या एकाच कडेस घेऊन, ती दर प्रतीसाठी नव्याने साधावी लागते. ज्याने स्वतः ती ओल बोटांनी ओळखली आहे, त्यानेच दुसऱ्याकडून ती मागावी, असे मला वाटते. आणि योशिदाचा अधिकार मला म्हणूनच मान्य आहे.

१९३०च्या अखेरीस तो हिंदुस्थानात आला. त्या प्रवासातून निर्माण झालेल्या ठशांत वेरूळचे कैलास लेणेही आहे. शिखरापासून पायाकडे खोदत आणलेले ते देवालय आणि नको ते लाकूड काढून उरवलेली रेषा, यांचे सगोत्रत्व उघड आहे. मला मात्र वेरूळ श्रावणात पाहावेसे वाटते, भिजलेल्या खडकाचा रंग काळा म्हणवत नाही तेव्हा. तो छापायचा झाला, तर एकाच काळ्या ठशाने दगड निर्जीव होईल. आधी उबदार करडा, त्यावर शेवाळी, मग जांभळट, आणि काळा सर्वांत शेवटी, तोही इतका पातळ की खालचे तिन्ही रंग त्यातून डोकावत राहतील, असा क्रम मी मनाशी ठरवला आहे. शेवाळी आणि जांभळा यांत आधी कोणता, याविषयी मात्र जाणत्यांचा सल्ला घ्यायला हवा.