पसरणीच्या घाटातली हवा

आमची फियाट विकायची, हे घरात एकमताने ठरले होते. एकमताने म्हणजे आप्पांना वगळून. त्यांना विचारण्याचे धाडस कोणालाच झाले नव्हते. १९६६ सालची ही फियाट ११००, त्या वेळी ‘डिलाइट’ म्हणून विकली जाणारी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. हिचीच धाकटी बहीण १९७४ पासून पद्मिनी म्हणवून घेऊ लागली आणि टॅक्सी होऊन मुंबईभर हिंडली. ती टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. ‘मग आपणच कशाला हट्ट धरायचा?’ हा सौ.चा सवाल बिनतोड होता. त्यातून गाडी सिग्नलला बंद पडे आणि दादरच्या पुलावर चढताना उचक्या देई.

आप्पांच्या कानांवर गोष्ट गेलीच. चौऱ्याऐंशी वर्षांचे आप्पा एवढेच म्हणाले, “विका. पण एकदा महाबळेश्वरला नेऊन आणा.”

जायचे तर उचक्या थांबायला हव्यात. एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला, की हा जुना सोलेक्स फेका आणि मोठा, दोन नळ्यांचा कार्बुरेटर बसवा, गाडी उडेल! मी भुललो. आप्पा नाहीत भुलले. “इंजिन १०८९ सीसीचे. त्याला रांजणाएवढा घसा दिलास तर हवा आत येईल, पण रेंगाळत येईल. हवेला वेग नसेल तर जेटमधून पेट्रोल ओढणार कोण?” कार्बुरेटरचे सगळे मर्म यातच आले. मधला गळा अरुंद असतो म्हणून तिथे हवा धावते, तिचा दाब उतरतो आणि पेट्रोलचा फवारा तिच्यात मिसळतो. गळा फार मोठा केला तर भरधाव जाताना जोर मिळेल, पण गर्दीत आणि चढावर गाडी रडेल.

मग दोष कशाचा? पेट्रोलचा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याच्या अंगात स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन थोडे अधिक लागते. जुन्या जेटमधून ते पुरेसे येईना, मिश्रण पातळ पडे. आमचा जेट १२० आकड्याचा, म्हणजे भोक १.२० मिलिमीटरचे. आप्पा म्हणाले, “१२५ घाल.” पाच आकड्यांचा फरक दिसतो किरकोळ, पण भोकाचे क्षेत्रफळ आठ टक्क्यांहून जास्त वाढते. मी दुकानातून १२५ आणि १३० असे दोन्ही आणले आणि हौसेने घातला १३०. गाडी अशी पळाली, की आप्पांना काही सांगायची गरजच उरली नाही असे मला वाटले.

पहाटे निघालो. पनवेल, खोपोली, मग बोरघाट. वाटेत शिंग्रोबाच्या देवळापाशी आप्पांनी शिरस्त्याप्रमाणे नाणे टाकले. इंजिनाचा आवाज जरा जाड झाला होता, पण मी गप्प बसलो. पुणे मागे पडले, खंबाटकी चढून उतरलो, सुरूरला वळून वाई गाठली. ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले, कृष्णेच्या घाटावर डबे सोडले आणि पसरणीच्या घाटाला लागलो.

निम्मा घाट चढलो नाही तोच मागच्या मोटारवाल्याने हात बाहेर काढून खूण केली. आरशात पाहतो तो काळा धूर! गाडी गुदमरून थांबली. पेट्रोल तापून वाफ धरली असेल म्हणून मी पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवले. आप्पा खाली उतरले, एक प्लग काढायला लावला आणि माझ्यापुढे धरला. काजळी!

“वाफ धरली असती तर पेट्रोल कमी पडले असते. हे जास्त झालंय. कितीचा घातलास?”

“१३०.”

आप्पा रागावले नाहीत, त्याचेच अधिक वाईट वाटले. महाबळेश्वर साडेतेरा शे मीटरांहून उंच. तिथली हवा समुद्रकाठच्या मानाने सुमारे सातव्या हिश्श्याने विरळ. पण जेटचे भोक काही आपण होऊन आकसत नाही. खाली जे मिश्रण सढळ वाटत होते, ते वर अजीर्ण ठरले. “वर इथेनॉलची तूट हवाच भरून काढते,” आप्पा म्हणाले, “इथे आपला मूळचा १२०च बरा.” तो त्यांनी आगपेटीत घालून खिशात ठेवला होता! पान्याने बोल्ट सोडवून दहा मिनिटांत बदलला. आप्पा कठड्याच्या दगडावर बसले होते. “१९७१ साली जेटमध्ये कचरा अडकला, तेव्हा तुझी आई इथेच बसून कणसं खात होती,” ते सहज म्हणाले.

संध्याकाळी महाबळेश्वरला उतरल्या जागेच्या अंगणात, इंजिन गरम असतानाच, आप्पांनी स्क्रू माझ्याकडून फिरवून घेतला. “आत घे. अजून. अडखळली? आता सावकाश बाहेर. आता जड बोलते आहे. या दोन्हींच्या मध्ये थांब.” मी थांबलो. इंजिन असे एकसुरात चालू लागले, की आत भांडी लावणारी सौ. दारात येऊन उभी राहिली. “बंद नाही ना पडली?” तिने विचारले. आवाज कमी झाला म्हणून तिला शंका आली होती.

परतताना वाईला पोहोचल्यावर मी न सांगता थांबलो आणि १२५ चढवला. दादरच्या पुलावर गाडीने एकही उचकी दिली नाही. घरी आल्यावर आप्पांनी ती आगपेटी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “हिच्याबरोबर हेही देऊन टाक. घेणारा डोंगरावरचा निघाला तर?”

आगपेटी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. गाडी खाली उभी आहे.