जुनी वही, परकी लेखणी

कै. तीर्थरूपांच्या गोष्टींची वही छापावयाची ठरली, तेव्हां तींतील भाषा 'जरा नीट' करण्याचें काम आम्हींच अंगावर घेतलें. त्याच सुमारास रॉबर्ट हॉवर्ड या अमेरिकन अद्भुतकथाकाराची हकीकत वाचनांत आली. टेक्ससमधील एका लहानशा गांवीं राहून तो 'वीअर्ड टेल्स' या मासिकासाठीं लिहीत असे. कोनन या वीराची पहिली कथा डिसेंबर १९३२ मध्यें तेथें प्रसिद्ध झाली. १९३६ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, त्यानें आत्मघात केला. मासिकाकडून त्याचें बरेंच येणें राहिलें होतें. स्वतःचें एकही पुस्तक पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

पुढें १९५० पासून कोननचीं पुस्तकें निघालीं. परंतु स्प्रेग डी कँप प्रभृति संपादकांनीं कथांत फेरफार केले, अपुऱ्या कथा पुऱ्या केल्या, इतर नायकांच्या कथांसही कोननचें नांव दिलें. त्यांच्यामुळें कथा सर्वदूर गेल्या, हें खरें. पण मूळ टंकलिखितांवरून शुद्ध पाठ सिद्ध होऊन सर्व कथा वाचकांच्या हातीं पडण्यास २००३ ते २००५ हीं वर्षें उजाडावीं लागलीं.

हें वाचून आम्हीं तांबडी शाई बाजूस ठेवली. तीर्थरूपांचे शब्द आतां जसेच्या तसे छापले जातील; आमचें शहाणपण फार तर तळटीपेंत.